गृहोपयोगी वस्तूंचे डिजिटल जतन (खानदेश)

जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील घरगुती वापराच्या जुन्या वस्तूंची छायाचित्रे, त्रिमितीय प्रतिमाने, ध्वनिमुद्रणे व वर्णन यांसह संगणकीय नोंद ठेवण्याची पद्धत. घरोट (जाते), पाटा-वरवंटा, उखळ-मुसळ, खापर (मांडे भाजण्याचे मातीचे भांडे), काठवट (पीठ मळण्याची लाकडी परात), शेर-पायलीची मापे, तांब्या-पितळेची भांडी या वस्तू तीत येतात. १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्यात सामान्यतः शंभर वर्षांची अट असल्याने यांतील बहुतेक वस्तूंना कायद्याचे संरक्षण नाही. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाची ख्याती मुख्यतः जुन्या कागदपत्रांसाठी आहे; घरगुती वस्तूंच्या संग्रहाचा परिचित नमुना म्हणजे पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय.

घरोटाचा उगम वादग्रस्त आहे. तापी खोऱ्यात प्रकाशे व गिरणाकाठी बहाळ येथील उत्खननांत ताम्रपाषाणयुगीन (तांबे व दगड दोन्हींची हत्यारे वापरणाऱ्या काळातील) वस्ती उजेडात आली. त्या काळी दख्खनमध्ये दगड मागेपुढे सरकवून दळत. दोन दगडांचे फिरते जाते इसवी सनाच्या आरंभाच्या आगेमागे रूढ झाले असावे. ते रोमन व्यापारसंपर्कातून आले, असे एक मत. येथेच विकसित झाले, असे दुसरे. काळाचा मेळ पहिल्या मताशी बरा बसतो, पण तेवढ्याने उगम सिद्ध होत नाही. घरातल्या जात्याचे वय ठरवताना हा वाद फारसा उपयोगी पडत नाही, कारण घडण शतकानुशतके जवळपास तीच राहिली. जाते बोथट झाले की त्याला टाकी लावून (छिन्नीने पृष्ठभाग पुन्हा खडबडीत करून) घेत आणि प्रत्येक टाकीबरोबर आधीच्या खुणा जात. त्यामुळे त्रिमितीय प्रतिमानात दिसते ती शेवटची टाकी. वरच्या दगडाची उरलेली जाडी व खुंट्याची झीज मोजणे अधिक फलदायी. दळणाच्या अहिराणी ओव्यांचे ध्वनिमुद्रण याच नोंदीला जोडावे. निराळ्या संग्रहात ठेवल्यास दोन्ही नोंदी अपुऱ्या राहतात.

प्रतिमानासाठी फोटोग्रॅमेट्री, म्हणजे अनेक छायाचित्रे जुळवून त्रिमितीय आकार उभा करण्याचे तंत्र, वापरतात. वस्तूभोवती फिरून, लगतच्या दोन छायाचित्रांत निम्म्याहून अधिक भाग सामाईक येईल अशा बेताने ती टिपतात. शेजारी मोजपट्टी ठेवतात. खडबडीत दगड यात सहज साधतो. घासून लखलखीत केलेला पितळी हंडा मात्र चकाकीमुळे फसवतो. तेथे ध्रुवित (एकाच प्रतलात कंप पावणारा) प्रकाश लागतो. भांड्यावर टिंबांनी कोरलेले नाव व साल तिरक्या उजेडात वाचता येते. ते साल बहुधा आहेराचे असते, घडणीचे असेलच असे नाही. संग्रहालयांसाठी पुण्याच्या सी-डॅक या शासकीय संगणक-संशोधन संस्थेने ‘जतन’ ही संगणकीय नोंदप्रणाली तयार केली आहे. घरात अजून वापरात असलेल्या वस्तूंसाठी तिच्यासारख्या नोंदपत्रकात वापर, दुरुस्ती व स्थानिक नाव यांचे रकाने वाढवणे इष्ट.

खापर तडकते व बदलले जाते, म्हणून त्याच्या आकारापेक्षा मांडे हातांवर पसरवून ते उपड्या खापरावर टाकण्याच्या कृतीचे चित्रीकरण महत्त्वाचे. सातपुड्यातील भिल्ल व पावरा घरांतील बांबूच्या टोपल्या आणि भोपळ्याची भांडी यांनाही हेच लागू होते.