नाईल पर्चचं नाजूक बालपण

दोन मीटर लांब आणि दोनशे किलोपर्यंत वजनाचा मासा. नाईल पर्चबद्दल एवढं वाचलं की वाटतं, पूर्व आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात शिरताच त्याने तिथले मासे फस्त केले असणार. तसं झालं नाही. 1950 च्या दशकात त्याला सरोवरात सोडलं गेलं आणि पुढची वीसेक वर्षं तो तिथे जेमतेम टिकून होता. 1980 च्या सुमारास मात्र त्याची संख्या अचानक उसळली. सरोवरात सिक्लिड माशांच्या पाचशेच्या आसपास जाती होत्या. थोड्याच वर्षांत त्यांतल्या दोनशेच्या आसपास दिसेनाशा झाल्या.

त्याच्या अवाढव्य देहापेक्षा हा उशीर मला जास्त विचारात पाडतो.

जिताड्याचा हा जवळचा नातेवाईक. मादी अंडी पाण्यात सोडते आणि निघून जाते. घरटं नाही, राखण नाही. अंडं एक मिलिमीटरहून लहान असतं आणि आतल्या तेलाच्या थेंबामुळे तरंगत राहतं. साधारण दिवसभरात पिल्लू बाहेर येतं. मोठ्या मादीच्या पोटात अशी लाखो अंडी असतात, कधी कोटीच्याही वर. सिक्लिड मादीचा हिशेब अगदी उलटा. तिची अंडी मोजकीच, पण ती त्यांना तोंडात धरून उबवते आणि पोहायला लागलेल्या पिल्लांनाही धोका दिसताच पुन्हा तोंडात घेते.

पर्चच्या पिल्लाला असा आसरा नाही. सुरुवातीला ते पाण्यातल्या सूक्ष्म प्राण्यांवर, म्हणजे प्राणिप्लवंगांवर जगतं. अनेक सिक्लिड जातींचंही हेच अन्न, आणि काही जाती तर इतर माशांची अंडी-पिल्लं खाणाऱ्या. सरोवर सिक्लिडांनी भरलेलं असताना हे पिल्लू एक तर उपाशी राहायचं, नाहीतर कुणाच्या तरी तोंडी जायचं. मासेमारीने सिक्लिड विरळ झाले तशी जास्त पिल्लं जगली, मोठी होऊन उरलेल्या सिक्लिडांवर तुटून पडली आणि पुढच्या पिढीची वाट आणखी मोकळी झाली. काही अभ्यासकांची ही मांडणी मला पटते, जरी सांडपाण्याने आणि शेतातल्या खतांनी गढूळ झालेलं पाणीही या ऱ्हासात सामील आहे.

सिक्लिड संपत आल्यावर पर्च कॅरिडिना नावाच्या छोट्या कोळंबीवर आणि स्वतःच्याच पिल्लांवर जगू लागला.

नर लवकर, लहान आकारातच वयात येतो; मादीला वेळ लागतो आणि सरोवरातले सर्वांत मोठे पर्च बहुतेक माद्याच असतात. लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं आणि अंडीही त्याच मानाने वाढतात. म्हणूनच तिथे 50 ते 85 सेंटिमीटरमधलेच पर्च पकडायचा नियम झाला. छोट्यांना वाढू द्यायचं, मोठ्या माद्यांना राखायचं. बारीक आसाची, म्हणजे लहान छिद्रांची जाळी त्याआधीच पिल्लं उचलतात, ही खरी अडचण.

मासेमारी वाढून पर्च कमी झाला तेव्हा, 1990 च्या दशकात, काही सिक्लिड परत दिसू लागले. त्यांत प्लवंग खाणाऱ्या जातीही आहेत.