गार्गानेगा

गार्गानेगा : ईशान्य इटलीच्या व्हेनेतो प्रदेशातले पांढऱ्या वाइनचे द्राक्ष. व्हेरोना शहराच्या पूर्वेकडील सोआवे आणि मोन्तेफोर्ते द'आल्पोने या गावांभोवतीच्या टेकड्या हे त्याचे माहेरघर. ‘सोआवे’ नावाने विकल्या जाणाऱ्या वाइनमध्ये किमान ७० टक्के गार्गानेगा असावे लागते. उरलेला भाग प्रामुख्याने त्रेब्बियानो दी सोआवे किंवा शार्दोने यांचा. सिसिलीतले ग्रेकानिको दोरातो हे वेगळे समजले जाणारे द्राक्ष म्हणजे गार्गानेगाच, हे जनुकीय चाचण्यांनी दाखवून दिले आहे.

वेल जोमदार, घड लांबट व मोकळा, मण्याची साल जाड. माल उशिरा तयार होतो. तोडणी सप्टेंबरअखेरीस सुरू होऊन ऑक्टोबरात जाते. जुन्या बागांत वेली व्हेरोनाच्या पद्धतीच्या मांडवावर चढवलेल्या दिसतात. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला हा मांडव परका वाटणार नाही, फक्त तो चढावर तिरका उभारलेला असतो. पानांच्या सावलीत घड उन्हाने भाजत नाहीत, हा त्याचा फायदा. पण वेलीवर माल भरमसाट ठेवला की चव पातळ होते, आणि गार्गानेगाची बदनामी झाली ती यातूनच. १९३१ मध्ये सोआवेची हद्द मूळ टेकड्यांपुरती आखलेली होती. १९६८ मध्ये डीओसी (ठरावीक हद्द व नियम पाळणाऱ्या वाइनला मिळणारा सरकारी दर्जा) देताना ती सपाटीच्या सुपीक जमिनीपर्यंत वाढवली. त्यानंतरच्या काळात अमेरिकेत सोआवे तुफान खपली आणि ‘स्वस्त, बेचव इटालियन पांढरी’ असा शिक्का तिच्यावर बसला. खोट द्राक्षात नव्हती. आजही साध्या सोआवेला हेक्टरी १५ टनांपर्यंत उत्पादन चालते, तर वरच्या प्रतीच्या ‘सोआवे सुपेरिओरे’ला १० टनच.

टेकड्यांवरही माती एकसारखी नाही. पूर्वेकडे ज्वालामुखीचा काळा बेसाल्ट, पश्चिमेला सोआवेच्या किल्ल्याजवळ चुनखडी. पिएरोपान या घराण्याच्या दोन वाइन शेजारी ठेवल्या की फरक जिभेला कळतो. १९७१ पासून निघणारी ‘काल्व्हारिनो’ ज्वालामुखीच्या मातीतली. तिला लाकूड लागत नाही, ती ताठ आणि खनिज चवीची. ‘ला रोका’ किल्ल्याखालच्या चुनखडीतली, लाकडी पिंपात मुरलेली, अंगाने भरदार.

चांगल्या गार्गानेगाचा वास पहिल्या घोटाला दबकाच वाटतो : पांढरी फुले, नासपती, लिंबाची साल. शेवटी बदामाचा किंचित कडवटपणा राहतो, आणि तीच तिची खूण. बाटली फ्रिजमधून काढून लगेच ओतू नये. बर्फासारखी गार केली तर हा हलका वास दबतो. १० ते १२ अंश सेल्सिअस पुरे. साधी सोआवे दोन-तीन वर्षांत संपवावी. ‘क्लासिको’, म्हणजे मूळ टेकड्यांतली वाइन, चांगल्या उत्पादकाची असेल तर आठ-दहा वर्षे सहज टिकते आणि तिच्यात मधाची छटा उतरते. खरेदी करताना लेबलवर हा शब्द शोधावा. दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

व्हेनेतोत ती मटार घातलेल्या भाताबरोबर, पांढऱ्या शतावरीबरोबर आणि गार्दा सरोवरातल्या माशांबरोबर घेतात. आपल्याकडे हळद-मीठ लावून तव्यावर परतलेल्या पापलेटाशी तिचे जमेल. मालवणी मसाल्यापुढे मात्र तिचा आवाज निघणार नाही.

याच द्राक्षाची गोड वाइन म्हणजे रेचोतो दी सोआवे. निवडक घड हवेशीर माळ्यावर टांगून किंवा फळ्यांवर पसरून काही महिने सुकवतात. पाणी उडते, साखर घट्ट होते, मग हिवाळ्यात रस काढतात. १९९८ मध्ये डीओसीजी हा सर्वोच्च दर्जा मिळवणारी व्हेनेतोतली ही पहिली वाइन. आंबटपणा शाबूत असल्याने ती चिकट गोड लागत नाही. लहान पेल्यात, निळ्या बुरशीच्या चीजबरोबर किंवा व्हेरोनाच्या पांदोरो केकबरोबर ती घ्यावी.