दिलीपकुमारांची घरे: पेशावरचा एक गुंठा, पाली हिलचा अर्धा एकर

पेशावरच्या किस्साख्वानी बाजाराला लागून असलेल्या मोहल्ला खुदादादमधले दिलीपकुमारांचे जन्मघर 2021 च्या जूनमध्ये सरकारच्या ताब्यात गेले. महिनाभरातच, 7 जुलैला, मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यामुळे श्रद्धांजलीच्या बातम्यांत हे घर ‘पाकिस्तानने जपलेले घर’ म्हणून झळकले. जपलेले म्हणणे जरा उदारपणाचेच होते.

2014 च्या जुलैत या घराला ‘राष्ट्रीय वारसा’ जाहीर केले गेले, आणि पुढचा सगळा गोंधळ या घोषणेपासूनचा आहे. घोषणा केंद्राची होती, पण 2010 च्या घटनादुरुस्तीनंतर पुरातत्त्व हा विषय प्रांतांकडे गेलेला होता. घर होते खासगी मालकाचे. म्हणजे मान इस्लामाबादने दिला, देखभाल पेशावरने करायची आणि किल्ली तिसऱ्याच्याच हातात. वारसा ठरवल्याने घर पाडायला अडथळा येतो, पण छप्पर दुरुस्त होत नाही. पुढची सहा वर्षे भिंती ढासळत राहिल्या आणि प्रत्येक नव्या अधिकाऱ्याने संग्रहालयाचे आश्वासन दिले.

2020 मध्ये प्रांतिक सरकारने हे घर आणि जवळच्याच ढक्की नालबंदीतली राज कपूर यांची हवेली, अशा दोन्ही वास्तू विकत घ्यायचे ठरवले. त्यासाठी 1894 चा भूसंपादन कायदा वापरला गेला. भारताने हा इंग्रजी कायदा 2014 पासून मोडीत काढला. पाकिस्तानात तो अजून चालतो. त्यात कलम 4 ची सूचना निघाली की जिल्हा प्रशासन किंमत ठरवते. मालकाला हरकत घेता येते, मोबदल्यासाठी न्यायालयात जाता येते, पण विकायचेच नाही असे म्हणायला फारशी जागा उरत नाही.

दिलीपकुमारांच्या घराची किंमत ठरली 80 लाख 56 हजार पाकिस्तानी रुपये. जागा चार मरला, म्हणजे 1,089 चौरस फूट. आपल्या हिशेबात बरोबर एक गुंठा. तेव्हाच्या विनिमय दराने ही रक्कम चाळीस लाख भारतीय रुपयांच्याही आत होती. कपूर हवेली सहा मरल्यांहून थोडी मोठी, तिला दीड कोटी. मालकांनी मागितले अनुक्रमे 25 कोटी आणि 200 कोटी.

हे आकडे वाचून इकडे मालकांची लोभी म्हणून टवाळी झाली. 200 कोटींचे समर्थन करणे अवघडच आहे. पण सरकारचा हिशेबही सरळ नव्हता. मोजताना धरली ती जमीन आणि मोडकळीला आलेले बांधकाम; घर हवे होते मात्र नटाच्या नावासाठी. नावामुळे मालकाला पाडकाम करून व्यापारी संकुल बांधता येईना, आणि किंमत ठरवताना त्याच नावाला शून्य भाव. बाजाराच्या ऐन गजबजाटातल्या जागेचा भाव सरकारी दरापेक्षा बराच वर असतो, हे तर पेशावरातच काय, कुठल्याही दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर ऐकायला मिळेल. कपूर हवेलीच्या मालकीच्या बाजूने केलेल्या याचिका उच्च न्यायालयात टिकल्या नाहीत. ताबा मिळाल्यावरही काम हललेच नाही. 2024 च्या पावसात घराची आणखी पडझड झाली आणि डागडुजीला हात लागायला 2025 उजाडले.

पेशावर आणि मुंबई या दोन घरांमधला काळ थोडक्यात सांगता येतो. 1922 चा जन्म, वडिलांचा फळांचा व्यापार, त्या निमित्ताने कुटुंब महाराष्ट्रात, शाळा देवळालीची बार्न्स, मग पुण्यात लष्करी कॅन्टीनमधली नोकरी. फाळणीच्या कितीतरी आधीच हे कुटुंब इकडे आले होते, त्यामुळे पेशावरचे घर ‘फाळणीत सुटलेले’ म्हणणे चूक आहे. 1988 मध्ये ते तिथे जाऊन आले, आणि 2020 मध्ये घराचे फोटो पाठवा असे त्यांनी ट्विटरवरून पेशावरकरांना सांगितले.

मुंबईतल्या घराबद्दल वाचताना आणखी एक घोळ होतो. पाली हिलवर त्यांचे दोन बंगले सांगितले जातात. लग्नानंतरची बरीच वर्षे ते राहिले तो सायरा बानूंचा. खटले चालले ते दुसऱ्यावर, 1950 च्या दशकात घेतलेल्या, सुमारे अर्ध्या एकरावरच्या बंगल्यावर. तिथे पुनर्विकासाचा करार झाला, काम रखडले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 2017 मध्ये विकासकाला 20 कोटी देऊन ताबा परत घेण्याचा आदेश झाला. तेवढ्यात जमिनीवर दुसऱ्याच एकाने हक्क सांगितला, आणि 2018 मध्ये कागदपत्रे बनावट असल्याच्या आरोपावरून पोलीस कारवाई झाली.

शेवटी 2023 मध्ये तिथे अकरा मजली आलिशान इमारत आणि सुमारे 2,000 चौरस फुटांचे संग्रहालय जाहीर झाले. पेशावरात नावाला न मिळालेला भाव इथे विकासकाने पुरेपूर वसूल केला: 2024 मध्ये वरच्या तीन मजल्यांचे एक घर 155 कोटींना गेले. दिलीपकुमार बरीच वर्षे राहिले तो बंगला मात्र तिथे नाही, आणि संग्रहालयाची जागा पेशावरच्या अख्ख्या घराच्या जेमतेम दुप्पट आहे.