दोरचढण (अडथळा स्पर्धांतील)

दूरचित्रवाणीवरील अडथळा स्पर्धांमध्ये उंच मनोऱ्यावरून सोडलेला दोर ठराविक वेळात चढून वरचे बटण दाबण्याचा अखेरचा टप्पा. जपानमधील ‘सासुके’ या कार्यक्रमात त्याला ‘त्सुना-नोबोरी’ म्हणतात (त्सुना – जाड दोर, नोबोरी – चढणे). टीबीएस वाहिनीच्या ‘किन्निकु बान्झुके’ या कार्यक्रमाचा विशेष भाग म्हणून सासुके 1997 मध्ये सुरू झाला. त्याचे नाव सारुतोबी सासुके या काल्पनिक निंजावरून घेतले आहे. अमेरिकी आवृत्ती 2009 पासूनची.

हा अडथळा नेमका कशावरून घेतला, याविषयी दोन दिशांनी विचार करता येतो. पहिली दिशा जिम्नॅस्टिक्सची. 1896 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये सुमारे 14 मी. दोराची चढण होती. माथ्यापर्यंत दोघेच पोहोचले, दोघेही ग्रीक. विजेत्या निकोलाओस आंद्रियाकोपूलोसला 23.4 सेकंद लागले. पुढे 1904, 1924 व 1932 मध्येही ही स्पर्धा झाली आणि मग ऑलिंपिकमधून गेली. 1904 चा विजेता जॉर्ज आयझर याचा एक पाय लाकडी होता. चढण केवळ हातांची असल्याने त्याचे फारसे अडले नाही. दुसरी दिशा जपानी अग्निशमन दलाची. तेथील जवानांच्या बचाव-कौशल्य स्पर्धेत मनोऱ्यावरून सोडलेला दोर कोणत्याही साधनाविना 15 मी. चढण्याचा प्रकार आहे, आणि सासुकेचा मूळ दोरही 15 मीटरचाच होता. सासुकेच्या नामवंत स्पर्धकांत तोशिहिरो ताकेदा हा अग्निशमन दलाचा जवान होता, हेही लक्षात घ्यावे. केवळ आकड्यांच्या जुळणीवरून निर्णय देता येत नाही. तरी बसल्या जागेवरून सुरुवात करून फक्त हातांवर चढण्याच्या ऑलिंपिक पद्धतीपेक्षा पाय वापरू देणारी ही चढण दुसऱ्या परंपरेला अधिक जवळची वाटते.

सासुकेच्या पहिल्या चार स्पर्धांत 15 मी. दोरासाठी 30 सेकंद मिळत. वेळ संपताच दोर तोडला जाई आणि स्पर्धक सुरक्षा-दोरावर लोंबकळत राही. चौथ्या स्पर्धेत (1999) काझुहिको आकियामा या खेकडे पकडणाऱ्या मच्छीमाराने ही चढण प्रथम पूर्ण केली. त्यानंतर रचना कठीण करण्यात आली : आधी दोन समांतर भिंतींत हातपाय ताणून 12.5 मी., मग 10 मी. दोर, वेळ तीच. तेराव्या स्पर्धेत माकोतो नागानोने बटण दाबले ते 0.11 सेकंद उशिरा. सतराव्या स्पर्धेत (2006) मात्र तो यशस्वी झाला. तोही मच्छीमारच. अमेरिकी आवृत्तीत भिंती नव्हत्या, सलग 75 फूट (सु. 23 मी.) दोर आणि 30 सेकंद. तेथे 2015 मध्ये जेफ ब्रिटन (29.65 से.) व आयझॅक कॅल्डिएरो (26.14 से.) हे दोघे प्रथमच माथ्यावर पोहोचले, दहा लाख डॉलरचे बक्षीस मात्र कमी वेळ घेणाऱ्या कॅल्डिएरोला मिळाले.

कॅल्डिएरोचा सरासरी वेग सेकंदाला सु. 0.87 मी. पडतो. 1932 चा ऑलिंपिक विजेता रेमंड बास 8 मी. दोर 6.7 सेकंदांत, म्हणजे सेकंदाला सु. 1.2 मी. वेगाने चढला होता. अंतर जवळपास तिप्पट असल्याने ही तुलना अपुरीच ठरते, शिवाय बास ताज्या हातांनी चढला. येथे स्पर्धक आधीचे टप्पे बोटांवर लटकून पार करून आलेला असतो.

एका ओढीत 45 सेंमी. मिळाले तर 23 मीटरांना सु. 50 ओढी लागतात. पायांची पकड दोन प्रकारची : दोर एका पायाच्या बाहेरून घेऊन तळव्याखालून वळवणे व दुसऱ्या पायाने वरून दाबणे, किंवा पोटरीभोवती वेढा देणे. वेढा पक्का असतो, पण प्रत्येक वेळी सैल करावा लागतो, म्हणून घड्याळाविरुद्ध तो उपयोगाचा नाही. रोप मल्लखांबात दोर पायाचा अंगठा व शेजारचे बोट यांच्या चिमट्यात धरतात. तिथला दोर बारीक सुती आणि पाय अनवाणी. बूट घालून जाड दोरावर तो चिमटा बसत नाही.

चढण फसते ती बहुधा वरच्या तिसऱ्या भागात. सुरुवातीला लांब हात टाकून वेग घेणारा स्पर्धक कोपर पूर्ण ताणून लटकतो व प्रत्येक ओढ शून्यातून सुरू करतो. मूठ सतत आवळल्याने कोपर ते मनगट या भागाचा रक्तपुरवठा दबतो, हात ‘भरून’ येतो आणि बोटे उघडू लागतात. पाय घसरला की दोर झुलतो. तो स्थिर होईपर्यंत एक-दोन सेकंद जातात. शेवटी बटणासाठी एक हात सोडावा लागतो, तेव्हा सारा भार दुसऱ्या हातावर येतो. म्हणून पाय घट्ट रोवल्याशिवाय बटणाकडे हात टाकू नये.