तिसऱ्या मुलाचा हिशोब : ड्राऊ घराण्यातल्या कर्तीची पार्श्वभूमी

दिवाळीनंतर नाशिकमध्ये आमच्या गटाचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक पात्र घेऊन गोष्ट रचत खेळायचा, नवा खेळ सुरू होतोय. खेळ मी चालवणार आहे आणि तो सगळा जमिनीखालच्या एका शहरात घडेल. त्यातली सगळ्यात वजनदार व्यक्तिरेखा म्हणजे एका सरदार घराण्याची प्रमुख बाई. ती जातीने ड्राऊ, म्हणजे अंधारात राहणारी एल्फ (एल्फ ही युरोपातल्या लोककथांमधली माणसासारखी जादुई जमात). आठ पायांच्या, जाळं विणणाऱ्या लोल्थ देवीची ती अशी कट्टर भक्त आहे की त्या भक्तीपायी पोटचं पोर वेदीवर ठेवायला ती कचरत नाही. मूळ इंग्रजीत या पदाला ‘मेट्रन मदर’ म्हणतात. आपल्याकडे मेट्रन म्हटलं की सिव्हिल हॉस्पिटलमधल्या बाई डोळ्यांसमोर येतात, म्हणून आम्ही टेबलावर तिला ‘कर्ती’ म्हणायचं ठरवलंय. घरातली कर्ती बाई हा शब्द सगळ्यांना लगेच कळतो.

गटात चौघे नवीन आहेत. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, ‘ही एवढी दुष्ट का?’ ‘ड्राऊ असतातच तसे’ हे उत्तर मला कधीच पटलेलं नाही. म्हणून खेळाआधी हे टिपण.

जमिनीखालच्या काळ्या एल्फांची कल्पना जुनी आहे. आइसलंडच्या स्नोरी या लेखकाने तेराव्या शतकात लिहिलेल्या एड्डा या पुराणकथांच्या ग्रंथात दोन तऱ्हेचे एल्फ येतात. एक उजळ, आकाशात राहणारे. दुसरे डांबराहून काळे, जमिनीखाली राहणारे. ‘ड्राऊ’ हा शब्द मात्र स्कॉटलंडकडचा. तिथल्या उत्तरेच्या बेटांवर टेकड्यांच्या पोटात राहणाऱ्या लोकांना ‘ट्राऊ’ म्हणतात, त्याचाच हा भाऊबंद. १९७४ मध्ये डेव्ह आर्नेसनसोबत हा खेळ काढणाऱ्या गॅरी गायगॅक्सने तो शब्द उचलला. खेळातल्या राक्षसांची माहिती देणाऱ्या १९७७ च्या पुस्तकात ड्राऊंचा नुसता उल्लेख आहे. १९७८ मध्ये छापलेल्या, टेबलावर खेळायच्या तयार साहसकथांच्या मालिकेत ते खरोखर समोर आले. खेळाडू राक्षसांच्या बंडाचा माग काढत खाली खाली उतरतात आणि या बंडामागे ड्राऊ आहेत असं त्यांना कळतं. मालिकेच्या शेवटी एरेल्हेइ-सिन्लू हे त्यांचं भुयारी शहर लागतं.

इथे एक्लाव्ड्रा भेटते, आणि आपल्या कर्तीची खरी पूर्वज तीच. आइलसर्व्ह्स घराण्याची ही पुजारीण. तिच्या घराण्याला बाकी घराण्यांवर राज्य हवं होतं, पण लोल्थ देवीच्या पुजारिणी आड आल्या. तेव्हा या घराण्याने दुसऱ्याच एका पुरातन देवाची कास धरली. म्हणजे पहिल्याच गोष्टीत भक्ती आणि सत्ता यांची गाठ बसली होती, आणि अडचण आली तेव्हा बदलला गेला तो देव. पुढच्या लेखकांनी लोल्थ इतकी मोठी केली की देव बदलण्याची वाट कर्तीला उरलीच नाही.

आज आपण जिला ओळखतो ती कर्ती १९९० मध्ये पुरती उभी राहिली, आर. ए. साल्व्हाटोरच्या ‘होमलँड’ या कादंबरीत. शहर मेन्झोबेरान्झन, वस्ती साधारण वीस हजार ड्राऊंची. सूर्य नाही, म्हणून नार्बोंडेल नावाचा एक दगडी खांब रोज जादूने तापवतात. त्याची ऊब वर चढत जाते, त्यावरून वेळ कळते. कारभार पहिल्या आठ घराण्यांच्या कर्तींच्या हाती आणि सगळ्यांच्या वर बेन्रे घराणं. पुरुषांनी लढावं नाहीतर जादू शिकावी. देवीपर्यंतची वाट फक्त बायकांची.

या शहरात मॅलिस डोअर्डनचं घराणं दहावं होतं. ज्या रात्री तिने चौथ्या क्रमांकाच्या डेव्हिर घराण्यावर हल्ला केला, त्याच रात्री ती बाळंत होत होती. प्रसववेदनांतून उसळलेली शक्तीच तिने जादूत ओतून शत्रूवर सोडली. वाचताना इथे मी दरवेळी थांबतो. आपल्याकडे बाळंतिणीची खोली म्हणजे शेकशेगडी, धुरी, ओव्याचा वास, दाराशी बसलेली आजी. इथे त्या खोलीचंच हत्यार झालं.

जन्मलं ते मूल तिसरा जिवंत मुलगा होतं. तिसरा मुलगा लोल्थचा, असा रिवाज. वेदी तयार होती. पण त्याच रात्री लढाईच्या धुमाळीत धाकट्या भावाने, डिनिनने, थोरल्या नाल्फेनला मारलं होतं. ही बातमी वेदीपर्यंत पोचली आणि हिशोब बदलला. बाळ आता तिसरं उरलं नाही, दुसरं झालं, आणि वाचलं. डिनिनला शिक्षा झाली नाही. आईला मुलगा गेल्याचं दुःख झाल्याचंही दिसत नाही. देवीचा आकडा जुळला, एवढंच तिने पाहिलं. वाचलेलं ते बाळ म्हणजे ड्रिझ्ट, या सगळ्या विश्वातला सगळ्यात लाडका नायक. १९८८ च्या कादंबरीत तो मोठा होऊन वाचकांना आधीच भेटला होता. आईची गोष्ट नंतर सांगितली गेली.

मॅलिसच्या वागण्याची किल्ली या शहराच्या कायद्यात आहे. एका घराण्याने दुसरं घराणं बुडवणं उघडपणे निषिद्ध. पण तक्रार करायला त्या घराण्यातला एकही सरदार-रक्ताचा माणूस मागे उरला नाही, तर गुन्हा घडलाच नाही असं धरायचं. एक जरी वाचून बोलला, तरी हल्ला करणाऱ्यांचा नायनाट. म्हणून कर्ती कुणालाच सोडत नाही, पाळण्यातल्या पोरालाही नाही. दया दाखवली तर आपलं घर जातं. त्यावर देवीची मर्जी. ती कशाने राखायची हे नीट कुणालाच सांगता येत नाही, आणि ती फिरली तर वरच्या घराण्यांना वास लागतोच. मॅलिसची कट्टरता मला या भीतीत दिसते. श्रद्धा खोटी नाही तिची, पण त्या श्रद्धेला एक रात्र निवांत झोप मिळालेली नाही.

पुढे ड्रिझ्ट वरच्या जगातल्या छाप्यात एका एल्फ पोरीला मारल्याचं सोंग करून वाचवतो. देवी रुसते. घराण्याला बळी द्यावा लागतो, आणि ड्रिझ्टचा बाप झाक्नाफेन मुलाऐवजी स्वतः वेदीवर चढतो. मुलगा पळून गेल्यावर मॅलिस देवीकडे झिन-कार्ला हा विधी मागते, म्हणजे मेलेल्या झाक्नाफेनला उठवून त्याच्याच मुलाच्या मागावर सोडायचं. प्रेत चालतं ते तिच्या इच्छाशक्तीवर, आणि त्यातच तिची सगळी ताकद संपते. शेवटी बाप क्षणभर शुद्धीवर येतो आणि आम्लाच्या तळ्यात उडी घेतो. विधी फसतो. थोरली मुलगी ब्रिझाच आईचा जीव घेते, आणि मग घराणंही उरत नाही.

ही गोष्ट नाशिकमध्ये सांगताना मला पांडवलेणी आठवतातच. तिसऱ्या लेण्यात सातवाहन घराण्यातल्या गौतमी बलश्री या राणीचा लेख आहे, नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याच्या १९ व्या वर्षी कोरलेला. स्वतःची ओळख ती महाराजाची माता आणि महाराजाची आजी अशी देते, आणि डोंगर पोखरून केलेलं ते लेणं भिक्षूंना दान करते. मुलगा गौतमीपुत्र, नातू वासिष्ठीपुत्र. आईचं नाव पुढे, राज्य मात्र पुरुषांकडे. मुलाच्या गुणांत ‘आईच्या सेवेत कधी न चुकलेला’ हाही गुण तिने कोरवून घेतला आहे.

त्याच लेखात मुलाने खखरात, म्हणजे क्षहरात वंश निःशेष केल्याचंही ती अभिमानाने सांगते. क्षहरात राजा नहपानाची नाणी गौतमीपुत्राने आपल्या छापाने पुन्हा पाडली, आणि नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला १९०६ मध्ये सापडलेल्या तेरा हजारांवर नाण्यांत अशी नाणी निम्म्याहून कितीतरी जास्त निघाली. म्हणजे एक घराणं बुडवून त्यावर आपलं नाव उठवणं आपल्याही मातीत झालं आहे. फरक इथे आहे की बलश्रीने ते उन्हात, सगळ्यांना वाचता येईल अशा भिंतीवर कोरलं. मॅलिसचा विजय कुठेच कोरता येत नाही. तिला तो आयुष्यभर लपवावा लागतो.

रंगाबद्दलही बोललं पाहिजे. काळी कातडी, बायकांची सत्ता आणि जन्मजात दुष्टपणा या तिन्ही गोष्टी एकत्र बांधल्याबद्दल ड्राऊंवर वर्षानुवर्षं टीका झाली. २०२० मध्ये हा खेळ छापणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने मान्य केलं की अख्ख्या जमातीला दुष्ट ठरवणं चूक होतं, आणि २०२१ मध्ये लोल्थच्या जाळ्याबाहेरची ड्राऊंची वेगळी शहरं गोष्टींत आली. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. आपल्या पंचवटीत राम काळ्या पाषाणाचा आहे. त्याच काळाराम मंदिराच्या दाराशी १९३० मध्ये डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, जन्मावरून माणसाची किंमत ठरवण्याविरुद्ध. त्या गावात बसून ‘जन्मानेच दुष्ट’ अशी जमात मी टेबलावर आणणार नाही.

तेव्हा आपल्या खेळातली कर्ती जन्माने क्रूर नाही. तिचं घराणं अकरावं आहे. वीस वर्षांपूर्वी तिने बुडवलेल्या वरच्या एका घराण्यातला एक मुलगा त्या रात्री वाचला होता आणि तो शहरातच कुठेतरी आहे, हे तिला नुकतंच कळलंय. खेळ सुरू होतो तेव्हा तिच्या पाळण्यात तिसरा मुलगा आहे, आणि त्याचे दोन्ही मोठे भाऊ अजून जिवंत आहेत.