एका इंचात तीन गोळ्या

शिकारीच्या रायफलींच्या जाहिरातीत एक आकडा हटकून असतो: शंभर यार्डांवर एक इंच. रायफल बाकावर वाळूच्या पिशव्यांवर टेकवायची, ९१.४४ मीटरवरच्या कागदावर तीन गोळ्या मारायच्या आणि सगळ्यांत लांबच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर मोजायचं. नेमबाज याला ‘ग्रुप’ म्हणतात. अमेरिकेची वेदरबाय कंपनी तीन गोळ्यांसाठी ०.९९ इंचाची हमी देते. फिनलंडची टिक्काही तीन गोळ्यांवर एका मिनिटाची हमी देते, तर तिच्याच घरची साको तेवढीच हमी पाच गोळ्यांवर देते.

हे मिनिट घड्याळातलं नव्हे, कोनाचं. एका अंशाचा साठावा भाग. शंभर यार्डांवर त्याची रुंदी १.०४७ इंच भरते, शंभर मीटरवर २९.१ मिलिमीटर. निरोगी डोळ्याला दोन रेघा वेगळ्या दिसायला साधारण एवढाच कोन लागतो, म्हणजे आकडा बारीक आहे यात वाद नाही. वाद आहे तो तीन गोळ्यांवरून काढलेला हा आकडा कितपत खरा मानायचा, याबद्दल.

ठाण्यात राहून शिकारीच्या रायफलीचं काय करायचं, असं कोणी विचारलं तर ते रास्तच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकारीचा विषय संपला. ठाण्याला लागून असलेल्या येऊरच्या जंगलात बिबट्या दिसलाच तर लांबून बघायचं आणि वनखात्याला कळवायचं. तरी परदेशी रायफलींची तुलना करणारे व्हिडिओ इथली पोरं आवडीने बघतात, आणि ‘अमकी तमकीपेक्षा सरस’ असं ठामपणे सांगतातही. त्या तुलनांमधली गफलत रायफलीपुरती नसते. थोड्या मापांवरून मोठा निकाल द्यायची सवय कारखान्यात, शेतात, दवाखान्यात सगळीकडेच आहे.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. ग्रुप निशाण्याच्या मध्यापासून चार इंच डावीकडे पडला तर ती रायफलीची खोट नाही. रायफलीवरच्या दुर्बिणीचा स्क्रू फिरवला की ग्रुप मध्यावर येतो. पसरलेला ग्रुप मात्र कुठलाही स्क्रू फिरवून आवळता येत नाही. कारखान्याची कसोटी लागते ती या पसाऱ्यात.

आता समजा, एका रायफलीचा तीन गोळ्यांचा ग्रुप सरासरी बरोबर एक इंच येतो. सरासरी म्हणजे शेकडो ग्रुप मारून काढलेली. हीच रायफल, हीच काडतुसं, हाच नेमबाज घेऊन दहा ग्रुप मारले तर काय दिसेल? एखादा अर्ध्या इंचाच्या आसपास येईल, एखादा दीड इंचाच्या, बाकीचे मधे कुठेतरी. रायफल बिघडलेली नाही आणि सुधारलेलीही नाही. तीन गोळ्यांच्या ग्रुपमध्ये सरासरीच्या ३७ टक्के इतकं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीच्या मागेपुढे होणारा नेहमीचा चढउतार, नुसत्या योगायोगाने येतं. पाच गोळ्यांना ते २७ टक्क्यांवर उतरतं, दहा गोळ्यांना १९ च्या आसपास. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण एका पातेल्यातली शितं एकसारखी शिजलेली असतात. गोळ्यांना तसं कोणी शिजवलेलं नसतं.

याच हिशेबाची दुसरी बाजू म्हणजे गोळ्या वाढवल्या की ग्रुप मोठा होत जातो. नव्या गोळीने ग्रुप एक तर तेवढाच राहतो किंवा वाढतो, लहान कधीच होत नाही. आपल्या एक इंची रायफलीचे पाच गोळ्यांचे ग्रुप सरासरी १.२७ इंचांचे येतील, दहा गोळ्यांचे १.५८ इंचांचे. म्हणून टिक्काची आणि साकोची हमी कागदावर सारखी दिसली तरी साकोची हमी पाळणं बरंच अवघड आहे. तुलनेचे तक्ते मांडणारे अनेकदा तीन गोळ्यांची रायफल आणि पाच गोळ्यांची रायफल शेजारीशेजारी बसवतात आणि खाली विजेता जाहीर करतात. ते बघून माझं तरी डोकं फिरतं.

दोन रायफलींची झुंजच लावू. दुसरीचा पसारा पहिलीपेक्षा खरोखरच २५ टक्क्यांनी जास्त आहे असं धरा. बंदुकीच्या बाजारात एवढा फरक म्हणजे जमीन-अस्मान. दोघींचा तीन गोळ्यांचा एकेक ग्रुप घेतला तर दर तीन झुंजींमागे सुमारे एकदा वाईट रायफलच जिंकते. चुकीचा निकाल वीसात एकदाच यावा अशी अपेक्षा असेल तर प्रत्येकीच्या साधारण तीस गोळ्या माराव्या लागतात. त्यातही टोकाची दोनच भोकं मोजून भागत नाही. सगळ्या भोकांचा मध्यबिंदू काढायचा आणि प्रत्येक भोक त्यापासून किती दूर आहे याची सरासरी घ्यायची. टोकाचं अंतर मोजताना तीसपैकी अठ्ठावीस गोळ्यांची माहिती आपण कचऱ्यात टाकतो. काडतुसांची किंमत बघता ही उधळपट्टीच.

शिवाय निवड आहेच. चार ग्रुप मारायचे आणि त्यातल्या सगळ्यांत लहान ग्रुपशेजारी नाणं ठेवून फोटो काढायचा. एक इंची रायफलीच्या चार ग्रुपमधला सर्वांत लहान साधारण ०.६ ते ०.६५ इंचांचा असतो, म्हणजे नुसती निवड करून रायफल तिसऱ्या हिश्शाने सुधारली. वर एखादी गोळी लांब गेली की ‘ही माझ्या हाताची चूक’ म्हणून ती वगळायची. जवळ पडलेली गोळी हाताच्या चुकीने जवळ पडली असं मात्र कोणी म्हणत नाही.

सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात असाच पक्षपात पिकांच्या अंदाजात पकडला होता. पीक कापणी प्रयोगात शेताचा एक छोटा तुकडा आखून तेवढ्याच भागातलं धान्य मोजतात आणि त्यावरून अख्ख्या भागाचं उत्पन्न काढतात. तुकडा फार लहान घेतला तर कडेवरची रोपं हटकून आत धरली जातात आणि उत्पन्न फुगतं, हे त्यांनी प्रत्यक्ष कापण्यांवरून दाखवलं. मोजणाऱ्याने लबाडी केलेली नसते. कडेवरचं रोप आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं हे ठरवताना हात आपोआप एका बाजूला झुकतो. म्हणूनच तुकडा कुठे आखायचा हे मोजणाऱ्याच्या नजरेवर न सोडता यादृच्छिक आकड्यांवरून ठरवतात. रायफलीच्या ग्रुपलाही हीच शिस्त लागते: किती गोळ्या मारायच्या ते आधी ठरवायचं, आणि पडेल ती प्रत्येक गोळी मोजायची.

हा पसारा येतो कुठून, हे बघायचं तर ठाण्यातल्या वागळे इस्टेट या कारखान्यांच्या वसाहतीत जावं. तिथल्या टूलरूममध्ये ‘गन ड्रिलिंग’ची कामं चालतात. बंदुकीचा तिथे संबंध नाही. प्लास्टिकच्या साच्यांमध्ये थंड पाणी फिरवायला लांब भोकं पाडायची असतात. तंत्र मात्र नावाप्रमाणे बंदुकीच्या नळीसाठीच जन्मलं. ड्रिल म्हणजे एक लांब, बारीक दांडा, टोकाला एकच धार, पोटातून तेलाची वाट आणि अंगावर व्हीच्या आकाराची खोबण. तेल दाबाने टोकाशी पोचतं आणि खोबणीतून चुरा घेऊन बाहेर उसळतं. चुरा एकसारखा, तुटक पडतोय तोवर ऑपरेटर निवांत असतो. त्याची लांब वेटोळी यायला लागली की तो मशीनच्या आवाजाकडे कान देतो. एका मिस्त्रींनी जॉबची दोन्ही तोंडं दाखवत सांगितलं होतं, “भोक सरळ दिसतं साहेब, पण सरकलेलं असतं. जाडी मोजा मग कळेल.” नळी गोल असेल तर ड्रिलच्या उलट दिशेने तीही फिरवतात, त्याने हे सरकणं कमी होतं.

रायफलीच्या नळीत यापुढे रीमर, म्हणजे भोक नेमक्या मापाचं आणि गुळगुळीत करणारं हत्यार, फिरतो आणि मग आत गोळीला फिरकी देणारे पिळाचे चर पडतात. सॅव्हेजसारखे कारखाने कठीण धातूचं बटण नळीतून ओढून ते दाबून उमटवतात. साको, टिक्का, रुगर यांच्याकडे नळीत पिळाचा उलटा ठसा असलेली दांडी घालून बाहेरून हातोड्यांनी ठोकतात आणि काही मिनिटांत नळी तयार होते. दोन्ही पद्धतींत पोलाद दाबलं जातं, त्यात ताण साठतो. तो नीट काढला नाही तर नळी तापल्यावर किंचित वाकते आणि गोळ्या एका बाजूला सरकू लागतात. शिकारीची नळी खांद्यावर वागवायची म्हणून मुद्दाम बारीक ठेवलेली असते, त्यामुळे ती लवकर तापते. वर सांगितलेल्या तीस गोळ्या सलग मारून उपयोग नाही, मधे मधे नळी थंड होऊ द्यावी लागते. लाकडी दस्त्याचं वेगळंच. आपल्याकडच्या पावसाळ्यात दाराच्या चौकटी फुगतात तसंच तेही लाकूड हलतं, नळीला टेकतं आणि गोळी सुटताना नळीची थरथर बदलते. नळी दस्त्यापासून सुटी ठेवायची पद्धत त्यासाठीच आली.

तरी मोठा गुन्हेगार बऱ्याचदा रायफल नसून गोळी असते, आणि हा हिशेब मला फार आवडतो. पीळ दर दहा इंचांना एक फेरा देणारा आहे आणि गोळी सेकंदाला ८५० मीटरने निघते असं धरा. तोंडातून बाहेर पडताना ती मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या वेगाने फिरत असते. आता तिचा वस्तुमानमध्य आसापासून फक्त ५ मायक्रॉन बाजूला आहे असं समजा. केसाची जाडी याच्या दहापटीहून जास्त असते. नळीत असताना हा मध्य आसाभोवती घिरट्या घालतो, आणि नळी संपताक्षणी त्या घिरटीच्या स्पर्शरेषेत निसटतो. शंभर यार्डांवर पोचेपर्यंत गोळी ११ मिलिमीटर बाजूला गेलेली असते. कुठल्या बाजूला, हे काडतुसात गोळी कशी बसली होती त्यावर ठरतं, म्हणजे दर वेळी वेगळं. दोन गोळ्या विरुद्ध दिशांना गेल्या की सव्वादोन सेंटिमीटरचं अंतर पडलं. रायफल निर्दोष धरूनही नुसत्या ५ मायक्रॉनांत जवळपास अख्खा इंच खर्ची पडला.

म्हणून ‘या कंपनीची रायफल’ असं वाक्य मोजमापाच्या दृष्टीने अर्धवट आहे. कुठला नग, कुठल्या काडतुसाच्या कुठल्या खेपेबरोबर, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. एकाच साच्यातल्या दोन नगांची चेंबरं, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागा, एकाच रीमरने पाडलेली असली, तरी पहिल्याच्या वेळी रीमर नवा असतो आणि दुसऱ्याच्या वेळी झिजलेला. एका कंपनीची एक रायफल दुसऱ्या कंपनीच्या एका रायफलीपुढे ठेवून कंपन्यांचा निकाल लागत नाही. प्रत्येकीचे अनेक नग हवेत, तेही दुकानातून कुठलेही उचललेले. परीक्षणासाठी कंपनीने निवडून पाठवलेले नकोत.

आणि शिकाऱ्याला हे सगळं लागतं का? फारसं नाही. हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग साधारण आठ इंच रुंद धरतात. आपल्या एक इंची रायफलीच्या शंभरातल्या नव्व्याण्णव गोळ्या दोनशे यार्डांवर पाच इंचांच्या वर्तुळात पडतात. जंगलात झाडाला टेकून, धाप लागलेली असताना होणारी हाताची हालचाल याच्या कितीतरी पट मोठी असते. पाऊण इंच की एक इंच हा वाद दुकानदाराच्या कामाचा.

खरी गरज पडते ती पनवेलसारख्या ठिकाणी, दहा मीटर एअर रायफलीच्या रेंजवर. ऑलिंपिक नेमबाज सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब तिथलाच. या खेळात दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा. छर्रा ठिपक्याला नुसता शिवला तरी दहा गुण मिळतात, म्हणजे त्याचा मध्य पाच मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात पडायला हवा. २००४ मध्ये क्वालालंपूरला आशियाई नेमबाजी अजिंक्यपद स्पर्धेत शिरूर यांनी ४०० पैकी ४०० गुण घेतले. उभं राहून, हातात धरलेल्या रायफलीने मारलेले चाळीसच्या चाळीस छर्रे त्या वर्तुळात. कोनात मोजलं तर ते १.७ मिनिटं होतं. दहा मीटरवर वारा नसतो, धक्का नगण्य असतो हे खरं, पण बाकावर टेकवून मारलेल्या तीन गोळ्यांचा एक मिनिट याच्याशेजारी ठेवून बघा.

आता तर गुण दशांशात मोजतात, १०.९ पर्यंत. प्रत्येक दशांश म्हणजे मध्यापासून पाव मिलिमीटर. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अभिनव बिंद्राची जादा फेरी १०.५ विरुद्ध १०.० अशी गेली आणि तो चौथा राहिला. सव्वा मिलिमीटरचा खेळ. इथे छर्ऱ्याचा पसारा पदक हिरावू शकतो, म्हणून नेमबाज ४.४९, ४.५०, ४.५१ मिलिमीटर अशा वेगवेगळ्या डोक्यांचे छर्रे आणून, रायफल शिकंजात आवळून, आपल्या नळीला कुठली खेप मानवते ते तपासतात. पाच छर्रे मारून ‘हीच खेप’ म्हणणारे तिथेही भेटतात. त्यांना दर खेपेचे वीस-तीस मारायला सांगितलं की छर्ऱ्याच्या डब्याची किंमत ऐकवतात, आणि ती खरंच कमी नसते.