फ्लॅग, प्रायोगिक

अपुरी किंवा रूप अजून पक्के न झालेली सुविधा सॉफ्टवेअरमध्ये आधीच घालून ती बंद ठेवण्याची, आणि वापरणाऱ्याने मुद्दाम सांगितल्यावरच चालू करण्याची रीत. हे सांगणे सेटिंगच्या फाइलीतील एका ओळीने, आज्ञेला जोडलेल्या शब्दाने किंवा ब्राउझरच्या अंतर्गत पानावरील खटक्याने होते. हिंजवडी-खराडीच्या कार्यालयांत ‘फ्लॅग ऑन करणे’, ‘फ्लॅगमागे ठेवणे’ असे म्हणतात. ‘ध्वज’ हा प्रतिशब्द बोलण्यात रुळलेला नाही. ‘प्रायोगिक’ म्हटले की पुण्यात आधी रंगभूमी आठवते. तिथे या शब्दाच्या विरुद्ध बाजूस ‘व्यावसायिक’ असते, इथे ‘स्थिर’.

संज्ञेचे नाते रेल्वे गार्डच्या झेंडीशी जोडण्याचा मोह होतो. मात्र संगणकातील अर्थ प्रक्रियकाच्या (प्रोसेसरच्या) स्थितिदर्शक बिटांवरून आला असावा. 8085 या प्रक्रियकावर शिकलेल्या अभियंत्यांना त्याचे पाच फ्लॅग (चिन्ह, शून्य, समता, हातचा व सहायक हातचा) पाठ असतात. तो फ्लॅग यंत्र उभारी व प्रोग्रॅम वाची. प्रायोगिक फ्लॅग माणूस उभारतो.

उगमाविषयी दोन मते आढळतात. एका मतानुसार सी भाषेतील सशर्त संकलन (कंपायलेशन), म्हणजे कोडचा एखादा भाग अटीनुसार संकलनातून वगळण्याची सोय, हेच या रीतीचे मूळ होय. म्हणजे ती साधारण 1970 च्या दशकापर्यंत मागे जाते. दुसरे मत ती 2009–10 च्या सुमारास वेबसाइट चालवणाऱ्या चमूंकडे नेते. फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळाच्या अभियंत्यांनी डिसेंबर 2009 मध्ये आपली पद्धत लिहून प्रसिद्ध केली आणि 2010 मध्ये सॉफ्टवेअरवर लिहिणारे मार्टिन फाउलर यांच्या टिपणाने ‘फीचर टॉगल’ हे नाव पसरवले. तंत्रापुरते पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. दुसऱ्याने फार तर नामकरणाचा काळ ठरतो. तथापि दोन्ही मतांत एक गल्लत आहे. आपले अर्धे काम गिऱ्हाइकापासून झाकणे वेगळे, आणि ते अर्धे आहे हे सांगून त्याच्या हाती देणे वेगळे. प्रायोगिक फ्लॅग हा दुसऱ्या प्रकारचा करार आहे: सुविधा वापरा, पण उद्या ती बदलली किंवा काढून टाकली तर तक्रार नको.

या कराराचे स्वरूप प्रोग्रॅमिंग भाषांत सर्वांत स्पष्ट दिसते. पायथन 2.1 मध्ये (2001) ‘फ्यूचर’ या नावाच्या मोड्यूलमधून सुविधा आयात करण्याची सोय आली. तीत उलट आश्वासन होते: ही सुविधा पुढे सक्तीची होणार, ती कोणत्या आवृत्तीत हेही नोंदलेले. नेस्टेड स्कोपच्या (आतल्या फंक्शनला बाहेरच्याची नावे दिसण्याच्या) बाबतीत हे वचन 2.2 मध्ये पाळले गेले. टाइपच्या टिपांचे (मूल्य कोणत्या प्रकारचे हे सांगणाऱ्या नोंदींचे) मूल्यमापन लांबवण्याची सुविधा मात्र 3.10 मध्ये सक्तीची व्हायची होती, ती पुढे ढकलावी लागली. जावामध्ये 2019 च्या 12 व्या आवृत्तीपासून भाषेतील ‘प्रीव्ह्यू’ सुविधा वेगळ्या फ्लॅगनेच उघडतात. अशी सुविधा वापरून संकलित केलेल्या क्लास-फाइलवर (संकलनातून निघणाऱ्या फाइलवर) 65535 हा दुय्यम आवृत्ती-क्रमांक उमटतो, आणि ती फाइल त्याच आवृत्तीच्या जावावर, तेही फ्लॅग देऊनच चालते. करार असा फाइलीवरच कोरण्याची ही युक्ती इतरत्र क्वचित दिसते. जावाचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या आभासी यंत्रात तर दोन कुलपे होती: झेडजीसी हा कचरा-संकलक (न लागणारी मेमरी मोकळी करणारा भाग) 11 व्या आवृत्तीत (2018) वापरायचा, तर आधी प्रायोगिक पर्याय उघडणारा फ्लॅग द्यावा लागे, मग झेडजीसीचा. 15 व्या आवृत्तीत (2020) पहिल्याची गरज संपली. रस्ट भाषेचा स्थिर संकलक (कंपायलर) अस्थिर सुविधा थेट नाकारतो. त्यांसाठी ‘नाइटली’, म्हणजे रोज तयार होणारी कच्ची, आवृत्ती घ्यावी लागते.

ब्राउझरांत फ्लॅगांवर भर आला तो आधीच्या चुकीवर उपाय म्हणून. सीएसएस या पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेतील प्रायोगिक गुणधर्मांना पूर्वी प्रत्येक कंपनी स्वतःचा उपसर्ग लावी. संकेतस्थळांनी ते उपसर्ग सर्रास वापरले आणि प्रयोगच प्रमाण होऊन बसले. 2013 मध्ये क्रोममधील, पान रंगवणाऱ्या ब्लिंक इंजिनाने नवे उपसर्ग न आणता सुविधा फ्लॅगमागे ठेवण्याचे धोरण जाहीर केले. सीएसएस ग्रिड (ओळी-स्तंभांत मांडणीची सोय) असाच फ्लॅगमागे राहिला आणि मार्च 2017 मध्ये फायरफॉक्स 52 व क्रोम 57 मध्ये सर्वांसाठी खुला झाला. उपसर्ग वेबसाइटचा लेखक लावतो, तर फ्लॅग वाचकाच्या यंत्रावर असतो. त्यामुळे त्याच्या भरवशावर कोणी धंद्याचे संकेतस्थळ उभारत नाही.

फ्लॅग सगळ्यांनीच चालू ठेवला तर त्याचा अर्थ उरत नाही. लिनक्सच्या कर्नलमधील (गाभ्यातील) ‘एक्सपेरिमेंटल’ हा पर्याय 2012–13 च्या सुमारास याच कारणाने काढण्यात आला. जुना फ्लॅग नव्या कामाला लावणे त्याहून घातक. 1 ऑगस्ट 2012 रोजी नाइट कॅपिटल या अमेरिकी दलाली कंपनीने वापरातून गेलेला फ्लॅग नव्या कोडसाठी घेतला. आठांपैकी एका सर्व्हरवर नवे कोड पोचले नव्हते. तिथे त्याच फ्लॅगने जुने कोड जागे झाले. सुमारे 45 मिनिटांत 46 कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. फ्लॅग वाढले की चाचणीही आवाक्याबाहेर जाते: दहा फ्लॅगांच्या 1,024 अवस्था संभवतात. क्रोममध्ये म्हणूनच प्रत्येक फ्लॅगला मालक व मुदत नेमलेली असते.

पुण्यात या रीतीला घड्याळाचीही जोड आहे. अमेरिकेचा पश्चिम किनारा ऋतूनुसार साडेबारा ते साडेतेरा तास मागे. तिथली रात्र म्हणजे इथला भर दिवस. त्यामुळे कोड आधी, बंद अवस्थेत, पोचवून ठेवायचे आणि फ्लॅग तिकडची वर्दळ ओसरल्यावर इथून उघडायचा, अशी वाटणी सोयीची पडते. सुविधा स्थिर झाल्यावर फ्लॅग कोडमधून काढण्याचे काम बहुधा चमूतल्या नवख्याकडे येते.